चाकातील हवा : रस्ता, वाळू आणि चिखल

जयपूर शहराच्या आग्नेय भागात राजा पार्क ही वस्ती आहे. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी व सिंधी निर्वासित कुटुंबांनी ती नावारूपाला आणली आणि आज ती शहरातील एक गजबजलेली बाजारपेठ आहे. येथून पहाटे निघालेली एखादी जीप जैसलमेरला पोहोचेपर्यंत साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापते. हा सारा प्रवास डांबरी रस्त्यावरून होतो आणि चाकांत दर चौरस इंचास तीस पौंड या दाबाने भरलेली हवा आपले काम इतक्या निमूटपणे करीत असते की, तिची आठवणही कोणाला होत नाही.

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर सम येथील वाळूच्या टेकड्या आहेत. तेथे हीच जीप रस्ता सोडून शंभर पावले आत गेली की रुतून बसते. चालक इंजिनाचा वेग वाढवतो. चाके जागच्या जागी गरगरतात, मागे वाळूचे फवारे उडतात आणि थोड्याच वेळात गाडीचा आस वाळूला टेकतो. इंजिन बिघडलेले नाही, इंधन संपलेले नाही, चारही चाकांना शक्ती मिळत आहे. अशा वेळी वाळवंटातला जाणता माणूस प्रथम गाडीला धक्का देत नाही. तो चाकांपाशी बसतो आणि चारही टायरांतील निम्मी हवा सोडून देतो. चाकांपुढची वाळू हातांनी थोडी बाजूला सारली की पुष्कळदा गाडी आपल्याच शक्तीने बाहेर पडते.

म्हणजे जी हवा रस्त्यावर आवश्यक, तीच वाळूत अडथळा ठरते. मग चाकांतील दाब गाडीतल्या गाडीतच, शक्य तर चालू गाडीत, कमी-जास्त करता आला तर? या प्रश्नातून गाडीवरच बसवलेल्या हवा भरण्याच्या यंत्रणा जन्माला आल्या. त्यांचे कार्य समजून घेण्यासाठी टायर नेमके काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे.

भार कोण पेलते?

टायर गाडीचा भार पेलतो, असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः रबर आणि त्यातील धाग्यांचे थर भाराचा थोडाच वाटा उचलतात. मुख्य भार पेलते ती आत कोंडलेली हवा. हवाभरल्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटिश अभियंता रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली घेतले होते, परंतु ती कल्पना विस्मरणात गेली. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती नव्याने शोधून काढली. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात रबरी टायरांच्या बैलगाडीला ‘डनलॉप’ म्हणण्याची जी रीत पडली, तिच्यामागे हेच नाव आहे.

आता थोडा हिशेब करू. सामानसुमान आणि माणसे धरून एका जीपचे वजन १,८०० किलोग्रॅम आहे असे मानू. प्रत्येक चाकावर ४५० किलोग्रॅम भार येतो. दर चौरस इंचास ३० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम. एवढ्या दाबाच्या हवेने ४५० किलोग्रॅम तोलून धरायचे, तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे २१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या पाऊलखुणेएवढा असला पाहिजे. दाब निम्म्यावर आणला की तोच भार पेलण्यासाठी दुप्पट, म्हणजे सुमारे ४२८ चौरस सेंटिमीटर जागा लागते. टायर खाली बसतो आणि त्याचा ठसा वाढतो. प्रत्यक्षात टायरच्या भिंतींचा ताठपणाही थोडा भार उचलत असल्याने हा हिशेब स्थूल आहे. परंतु दिशा तीच राहते. हा ठसा रुंदीत फारसा वाढत नाही, तो प्रामुख्याने लांबीत वाढतो. हवा सोडलेले चाक जणू आखूडशा पट्ट्यासारखे जमिनीवर पसरते.

रणगाड्याशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. छत्तीस टनांच्या आसपास वजनाचा, १९५० च्या दशकातील नमुन्याचा रणगाडा आपल्या रुंद पट्ट्यांमुळे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.८ किलोग्रॅम इतकाच भार टाकतो. रस्त्यासाठी हवा भरलेली हलकी जीप याच्या अडीचपट अधिक टोचते. तिच्या टायरांतील दाब बारा पौंडांपर्यंत उतरवला, तर मात्र ती जवळजवळ रणगाड्याच्या बरोबरीला येते. अर्थात, पट्टे असूनही सुटका होतेच असे नाही. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे चालून आलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांपैकी कित्येक याच मऊ वाळूत अडकले होते.

निसर्गाने हे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. घोड्याचा खूर लहान व कठीण असतो. उंटाचे पाऊल रुंद, मऊ आणि भार पडताच पसरणारे असते. राजस्थानच्या सीमेवर गस्त घालणारे सीमा सुरक्षा दल मोटारींच्या जोडीने आजही उंट वापरते, याचे एक कारण या पावलात आहे.

वाळू आणि काळी माती

सगळी मऊ जमीन एकाच स्वभावाची नसते. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. केवळ परस्परांच्या घर्षणाने ते एकमेकांना धरून ठेवतात. जड टोचणाऱ्या चाकाखाली ते बाजूला सरकतात, चाक खाली जाते आणि त्याच्यापुढे वाळूचा एक बांध तयार होतो. गाडी सपाट जमिनीवर असली तरी चाकाच्या दृष्टीने ती सतत चढ चढत असते. चाक फिरवण्याचा जोर वाढवला की ते पुढे जाण्याऐवजी खालची वाळू उपसून मागे टाकते. दाब कमी केल्याने चाक कमी रुतते, पुढचा बांध लहान होतो आणि गाडीला लागणारे बळच घटते.

ओल्या चिकणमातीची गोष्ट निराळी आहे. विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन पावसाळ्यात पाहिलेल्या वाचकाला ती सांगायला नको. या मातीचे बळ कणांच्या चिकटपणात असते. म्हणून चाकाला मिळणारी पकड त्याने व्यापलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून राहते. ठसा जितका मोठा, तितका आधार अधिक. तथापि येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. वर वीतभर चिखल आणि खाली टणक मुरूम असेल, तर रुंद मऊ चाक चिखलावर घसरते आणि अरुंद टणक चाक चिखल कापून खालची कठीण जमीन गाठते. बैलगाडीची लोखंडी धाव ज्या चाकोऱ्या पाडीत जाते, त्यांचे गमक हेच आहे. त्यामुळे ‘जमीन मऊ, म्हणून हवा सोडा’ हा नियम डोळे मिटून पाळण्याचा नव्हे.

वाळवंटातील धडे

मोटार वाळवंटात नेण्याचे शास्त्र पद्धतशीरपणे घडवणाऱ्यांत ब्रिटिश सैन्यातील अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांचे नाव अग्रभागी आहे. इजिप्तमध्ये असताना, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, त्यांनी व त्यांच्या मित्रांनी साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात दीर्घ प्रवास केले. टायरांतील दाब उतरवणे, रुतलेल्या चाकांखाली लोखंडी पन्हळी पट्ट्या सरकवणे, रेडिएटरमधून उकळून जाणारे पाणी वाफ थंड करून परत मिळवणे, या युक्त्या त्यांनी अनुभवातून पक्क्या केल्या. १९४० साली त्यांनी उभारलेल्या दूर पल्ल्याच्या वाळवंटी टेहळणी पथकाला याच ज्ञानाचा उपयोग झाला. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवरील त्यांचा १९४१ सालचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो.

परंतु हवा सोडण्यास एक-दोन मिनिटे पुरतात. ती परत भरण्याचे कष्ट मात्र फार मोठे आहेत. आपल्या जीपच्या एका टायरची पोकळी साठ लिटरांची धरली, तर दाब पंधरा पौंडांवरून तीस पौंडांवर नेण्यासाठी बाहेरची सुमारे साठ लिटर हवा आत कोंबावी लागते. चार टायरांना २४० लिटर. एका झटक्यात अर्धा लिटर हवा ढकलणारा हातपंप घेतला, तर हे जवळजवळ पाचशे झटके झाले, आणि तेही भर उन्हात. थकलेला माणूस येथेच चूक करतो. तो म्हणतो, ‘पुढच्या गावी भरू,’ आणि अर्ध्या हवेवर डांबरी रस्त्याला लागतो.

बैठकीवरून चाकापर्यंत

चालकाच्या बैठकीवरून दाब बदलण्याची सोय सैन्यासाठी प्रथम मोठ्या प्रमाणावर झाली ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४२ साली तेथे ‘डक’ नावाचा सहाचाकी उभयचर ट्रक तयार झाला. तो जहाजाजवळ माल घेई, समुद्रातून पोहत येई आणि किनाऱ्याच्या ओल्या-मऊ पुळणीवरून रस्त्याला लागे. वाळूसाठी कमी आणि रस्त्यासाठी अधिक, असे दोन दाब त्याला काही मिनिटांच्या अंतराने लागत; आणि पुळणीवर थांबणे म्हणजे शत्रूच्या तोफांना निशाण देणे. फ्रँक स्पियर या अभियंत्याने त्यासाठी गाडीत बसूनच टायर भरण्याची व उतरवण्याची योजना केली. १९४३ मध्ये सिसिलीत आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर हे ट्रक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

युद्धानंतर सोव्हिएत संघाने ही कल्पना सर्वाधिक जोमाने उचलली. तेथील आरंभीच्या चिलखती गाड्यांत हवेच्या नळ्या चाकांच्या बाहेरून आणलेल्या असत. झुडपांत व दगडांत त्या तुटत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या झिल-१५७ ट्रकमध्ये हवेचा मार्ग चाकाच्या मध्यातूनच नेण्यात आला आणि हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला.

यंत्रणेची रचना अशी असते. इंजिनावर चालणारा काँप्रेसर हवा दाबून एका टाकीत साठवतो. जड वाहनांत हाच काँप्रेसर ब्रेकांनाही हवा पुरवतो; म्हणून मध्ये एक संरक्षक झडप बसवलेली असते. ब्रेकांच्या टाकीतील दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की ही झडप टायरांकडे जाणारी वाट बंद करते. टायर थोडा बसला तरी चालेल, ब्रेक बसून चालणार नाही, हा तिच्यामागचा विचार आहे. टाकीतून निघालेली हवा नियंत्रकाकडे येते. चालकासमोर रस्ता, खडबडीत जमीन, वाळू व आणीबाणी अशा खुणा असतात. तो निवड करतो आणि नियंत्रक त्याप्रमाणे झडपा उघडतो किंवा मिटतो.

खरी अडचण पुढे आहे. गाडी स्थिर आणि चाक फिरते. स्थिर नळीतील हवा फिरत्या चाकात कशी न्यावी? यासाठी चाकाच्या मध्याशी, गॅरेजमध्ये ज्याला हब म्हणतात तेथे, एक फिरता सांधा असतो. त्याचा एक भाग आसाला जखडलेला, दुसरा चाकाबरोबर फिरणारा आणि दोहोंमध्ये हवा निसटू न देणाऱ्या रबरी कड्या असतात. धूळ, उष्णता आणि सततचे घर्षण यांचा मारा या कड्यांवर होतो. साऱ्या यंत्रणेचे आयुष्य त्यांच्यावर अवलंबून असते. म्हणून सुधारलेल्या रचनेत प्रत्येक चाकावर स्वतंत्र झडप असते. दाब बदलायचा किंवा मोजायचा असेल तेवढ्यापुरतीच नळीत हवा येते. एरवी झडप मिटलेली राहते आणि कड्यांवर भार नसतो.

या व्यवस्थेचा आणखी एक लाभ सैन्याला महत्त्वाचा वाटला. टायरला गोळीने किंवा काट्याने बारीक छिद्र पडले, तर गळणाऱ्या हवेइतकी हवा सतत पुरवून गाडी मुक्कामापर्यंत नेता येते. थरच्या वाळवंटात वेड्या बाभळीच्या काट्यांची ओळख ज्याला आहे, त्याला ही सोय क्षुल्लक वाटणार नाही. टायर फाटलाच असेल तर मात्र कोणताही काँप्रेसर कामास येत नाही.

खाजगी मोटारीत एवढी गुंतागुंत क्वचितच आढळते. तेथे बहुधा बॅटरीवर चालणारा लहान काँप्रेसर गाडीतच पक्का बसवतात, सोबत एक छोटी टाकी व लांब नळी देतात आणि प्रत्येक चाकापाशी उतरून हवा भरतात. मिनिटाला तीस लिटर हवा देणाऱ्या यंत्राला आपला २४० लिटरांचा हिशेब पुरा करण्यास आठ मिनिटे लागावीत. पण टायरातील दाब चढतो तसतसा यंत्राचा वेग मंदावतो आणि ते तापते, म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक वेळ धरावा.

भारतातील वापर

भारतीय सैन्याला या यंत्रणेची ओळख सोव्हिएत बनावटीच्या बीटीआर-६० सारख्या आठचाकी चिलखती गाड्यांतून झाली. पुढे १९८६ पासून भारत अर्थ मूव्हर्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीच्या सहकार्याने जड ट्रक तयार करण्यास प्रारंभ केला. मध्यवर्ती नळीसारखा कणा आणि स्वतंत्रपणे वरखाली होणारे आस हे या ट्रकांचे वैशिष्ट्य असून, त्यांत टायरांचा दाब बैठकीवरून बदलण्याची सोय असते. पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘पिनाक’ ही अग्निबाण प्रणाली याच जातीच्या ट्रकांवरून वाळवंटात नेली जाते.

महाराष्ट्राचा या विषयाशी याहूनही निकटचा संबंध अहिल्यानगर येथे आहे. २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था आहे. टाटा मोटर्सच्या सहकार्याने तिने घडवलेले आठचाकी उभयचर चिलखती वाहन २०१४ साली दिल्लीच्या संरक्षण प्रदर्शनात लोकांसमोर आले. पट्ट्यांऐवजी चाके पसंत केली की रस्त्यावर वेग मिळतो आणि देखभाल सोपी होते. परंतु मऊ जमिनीवरील पट्ट्यांचा गुण हातचा जातो. तो शक्य तितका परत मिळवायचा, तर चाकांतील दाब चालकाच्या हाती देणे हाच मार्ग उरतो. २०२४ मध्ये मोरोक्को या देशाने हे वाहन घेण्याचा करार केला. त्याही देशाच्या दक्षिणेस सहाराचे वाळवंट आहे.

उष्णतेचा धोका

आता त्या अर्ध्या हवेवर रस्त्याला लागलेल्या माणसाकडे वळू. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तार वारंवार वाकवली की तापते. रबराचेही तसेच होते. वाकवण्यासाठी खर्च झालेल्या शक्तीचा काही भाग परत मिळत नाही, तो उष्णतेच्या रूपाने टायरच्या भिंतीत साठतो. वाळूत वेग कमी असल्याने ही उष्णता निघून जाते. ताशी ऐंशी किलोमीटरांच्या वेगाने मात्र ती साचत जाते, रबर आणि धाग्यांचे थर सुटू लागतात आणि एका क्षणी टायर फुटतो. जोधपूर-जैसलमेर भागातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत या संकटाची वाट अधिकच जवळची होते. शिवाय वाळूतही दाब फार उतरवला, तर वळण घेताना टायरची कड लोखंडी रिमवरून निसटते.

येथे एक उलटा भ्रमही दूर केला पाहिजे. धावून तापलेल्या टायरात हवा प्रसरण पावू पाहते आणि दाब वाढतो. २५ अंशांवर तीस पौंड असलेला दाब टायर ६० अंशांपर्यंत तापला की सुमारे पस्तीस पौंड दिसतो. हे पाहून काही चालक वाटेत थांबून ‘जादा’ हवा सोडतात. टायर थंड झाल्यावर दाब आवश्यकतेपेक्षा कमी भरतो आणि वर सांगितलेल्या संकटाचा आरंभ होतो. म्हणून दाबाचे मोजमाप नेहमी थंड टायरचेच धरावे.

स्वयंचलित यंत्रणांत यावर एक उपाय केलेला असतो. वाळूची खूण निवडलेली असताना गाडीचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर यंत्रणा इशारा देते किंवा आपण होऊन हवा भरू लागते. तरीही टायर पूर्ण भरण्यास काही मिनिटे लागतातच आणि तेवढा काळ वेग आवरून धरणे चालकाच्याच हाती राहते.

शेतात आणि चंद्रावर

रस्ता सोडून जाणारी सगळीच वाहने लष्करी किंवा हौशी नसतात. अमेरिकेच्या वनखात्याने १९८० च्या दशकात लाकूड वाहणाऱ्या ट्रकांवर या यंत्रणेचे प्रयोग केले. दाब कमी ठेवल्याने कच्च्या वनमार्गांची खराबी घटते, असे त्यांत दिसून आले. शेतीत हाच प्रश्न अधिक गंभीर आहे. जड ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या ओल्या शेतातून गेल्या की माती दबते, तिच्यातील हवेच्या व पाण्याच्या वाटा बुजतात आणि मुळांची वाढ खुंटते. युरोपातील काही ट्रॅक्टरांवर शेतात कमी व रस्त्यावर अधिक दाब ठेवणाऱ्या यंत्रणा आता कारखान्यातूनच बसवून मिळतात. परंतु त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. वरच्या थरातील माती किती दबते हे टायरच्या दाबावर ठरते. खोलवरची माती किती दबते हे मुख्यतः एका आसावर पडणाऱ्या एकूण वजनावर ठरते. ट्रॉलीत दुप्पट ऊस भरून टायरांतील हवा उतरवली, तर नांगराच्या फाळाखालची जमीन वाचत नाही.

मऊ जमिनीवरून वाहने कशी जातात, याचे शास्त्र मांडणारे पोलिश वंशाचे अभियंता मिएचिस्वाफ बेकर यांनी पुढे चंद्रावरील गाडीच्या रचनेतही भाग घेतला. १९७१ साली अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या धुळीतून चालवलेल्या त्या गाडीची चाके तारांच्या जाळीची होती. त्यांत हवा नव्हतीच. भार पडताच जाळी चपटी होई आणि ठसा वाढे. हवेचे काम तारेवर सोपवले होते, तत्त्व मात्र सम येथील वाळूतलेच होते.

राजा पार्कहून निघालेल्या आपल्या जीपला आता परत फिरायचे आहे. टेकड्यांवरचा दिवस संपला आहे आणि सम येथे डांबरी रस्ता जिथे सुरू होतो, तिथे ती उभी आहे. गाडीत काँप्रेसर असो वा नसो, थांबण्याची जागा हीच. टायर निवू द्यावेत, चारही चाकांतील दाब मापकाने मोजावा, तीस पौंडांपर्यंत भरावा, भिंतींवर काट्याची किंवा चिरेची खूण आहे का ते हात फिरवून पाहावे. यात अर्धा तास जातो. पुढे साडेपाचशे किलोमीटरांचा रस्ता आहे आणि गाडीत माणसे आहेत.